चालू असलेला पंप आणि मोजून देणारा पंप

काही वर्षांपूर्वी मी पाणी शुद्धीकरणाच्या एका प्रकल्पात काम करीत होतो. तेथे एका सकाळी पाण्यातील शिल्लक क्लोरीनचे प्रमाण अचानक खाली आले आणि सलग चार दिवस वर यायला तयार होईना. पहिल्या दिवशी कोणी ते फारसे मनावर घेतले नाही, दुसऱ्या दिवशी हायपोच्या, म्हणजे क्लोरीनसाठी पाण्यात घातल्या जाणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, टाकीवर संशय गेला, तिसऱ्या दिवशी कच्च्या पाण्याचे नमुने पुन्हा तपासले गेले आणि चौथ्या दिवशी तपासणीच्या रसायनांचीच मुदत संपली असावी असे म्हणण्यापर्यंत मजल गेली. हा हायपो मोजून पाण्यात सोडणाऱ्या डोसिंग पंपाकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही, कारण तो चालू होता. मोटर फिरत होती, पॅनेलवरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि स्ट्रोकची, म्हणजे आतल्या दांड्याच्या प्रत्येक पुढे-मागे फेरीची, टकटकही ऐकू येत होती. शेवटी सक्शनच्या, म्हणजे पंप द्रव आत ओढतो त्या, बाजूच्या कॅलिब्रेशन ट्यूबवर (मोजमापाच्या नळीवर) मोजमाप घेतले, तेव्हा ३० सेकंदांत १५० मिलिलिटर उचलायला हवे होते, तेथे पंप अवघे ९० मिलिलिटर उचलत होता. म्हणजे ताशी १८ लिटरऐवजी १०.८ लिटर. हेड, म्हणजे द्रव ज्यातून जातो तो पंपाचा पुढचा भाग, उघडल्यावर खालच्या चेक व्हॉल्व्हमध्ये (द्रवाला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत), बॉल आणि तो ज्यावर बसतो ती सीट यांच्यामध्ये, टेफ्लॉन टेपचा नखाएवढा तुकडा अडकलेला सापडला. आठवड्यापूर्वी याच लाइनचा एक जोड आम्हीच नव्याने बसवला होता.

त्या दिवसापासून अशा, लवचीक चकती (डायफ्रॅम) हलवून द्रव मोजून देणाऱ्या डायफ्रॅम मीटरिंग पंपाकडे मी पंप म्हणून कमी आणि मापन यंत्र म्हणून जास्त पाहू लागलो. साधा सेंट्रिफ्यूगल पंप बिघडला की दाब पडतो, सील गळते, बेअरिंग ओरडते आणि बिघाड सगळ्यांना कळतो. मीटरिंग पंपाचे तसे नसते. तो शेवटपर्यंत इमानदारीने टकटक करीत राहतो आणि फक्त कमी देतो. त्यामुळे त्याच्या नियमित देखभालीचा गाभा पान्यात नसून मोजमापात आहे, असे माझे मत झाले आहे.

या पंपाची रचना तशी सरळ आहे. मोटरची फिरती गती विक्षेपी (केंद्राबाहेर बसवलेल्या) चाकामार्फत पुढे-मागे होणाऱ्या दांड्याला मिळते, दांडा डायफ्रॅमला मागे खेचतो तेव्हा हेडमध्ये द्रव येतो आणि पुढे ढकलतो तेव्हा तोच द्रव बाहेर पडतो. द्रव कोणत्या दिशेने जावा हे मात्र डायफ्रॅम ठरवीत नाही. ते खालचा सक्शन चेक व्हॉल्व्ह आणि वरचा डिस्चार्ज (द्रव बाहेर पडण्याच्या बाजूचा) चेक व्हॉल्व्ह ठरवतात. एका स्ट्रोकमध्ये किती द्रव जाईल ते स्ट्रोकच्या लांबीवर आणि तासाला किती जाईल ते स्ट्रोकच्या वेगावर अवलंबून असते. वरच्या उदाहरणातला पंप मिनिटाला १०० स्ट्रोक मारीत होता, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला त्याने ३ मिलिलिटर द्यायला हवे होते. एका स्ट्रोकचा हिशेब इतका लहान असेल, तर त्यातून मिलिलिटरभर द्रव मागे झिरपला तरी एक तृतीयांश मात्रा गेली, हे ध्यानात घेतले की पुढच्या सगळ्या काटेकोरपणाचे कारण समजते.

आता मोजमापाविषयी. कॅलिब्रेशन ट्यूब म्हणजे सक्शन लाइनवर उभी बसवलेली, खुणा असलेली पारदर्शक नळी. ती टाकीतून भरून घ्यावी, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करावा, पंपाला काही स्ट्रोक तसेच मारू द्यावेत आणि पातळी एखाद्या ठळक खुणेवरून खाली सरकू लागली की घड्याळ सुरू करावे. ट्यूब पूर्ण रिकामी होण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला विसरू नये, नाही तर हेडमध्ये हवा शिरते आणि मोजमाप राहते बाजूला, पंपाला पुन्हा द्रव धरायला लावण्यातच अर्धा तास जातो. पंप सावकाश चालत असेल तर सेकंदांऐवजी स्ट्रोक मोजावेत. मिनिटाला १० स्ट्रोक मारणाऱ्या पंपाचे ३० सेकंदांत पाचच स्ट्रोक होतात आणि त्यात एक स्ट्रोक इकडेतिकडे झाला तर २० टक्क्यांची चूक पदरी पडते. अशा वेळी घड्याळ खिशात ठेवून सरळ ५० स्ट्रोक मोजणे बरे. वाचन तीनदा घ्यावे. तीनही वाचने एकमेकांपासून दूर जात असतील तर सरासरी काढण्यात अर्थ नसतो, कारण मग सरासरीपेक्षा ते दूर का जात आहेत हाच खरा प्रश्न असतो.

काही जण डिस्चार्जची नळी सोडवून बादलीत मोजतात. ते मोजमाप फसवे असते. पुढे दाब नसल्यामुळे पंपाला काम हलके होते, शिवाय टाकी वर आणि बादली खाली असेल तर द्रव दोन्ही व्हॉल्व्ह उचलून आपसूक वाहू लागतो. सक्शन बाजूच्या ट्यूबचा फायदाच हा की पंप प्रत्यक्ष कामाच्या दाबाविरुद्ध चालू असताना त्याचे माप घेता येते.

ट्यूबकडे नीट पाहिले तर ती आकड्यापलीकडेही काही सांगते. निरोगी पंपात पातळी प्रत्येक सक्शन स्ट्रोकला एक पायरी उतरते आणि डिस्चार्ज स्ट्रोकच्या वेळी जागच्या जागी थांबते. खालचा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर डिस्चार्ज स्ट्रोकला थोडा द्रव मागे ढकलला जातो आणि पातळी उतरल्यावर पुन्हा किंचित वर चढते. दोन पावले पुढे, एक पाऊल मागे. पातळी वर चढत नाही पण पायरीच लहान झाली आहे, असे दिसले तर संशय वरच्या व्हॉल्व्हवर किंवा हेडमधल्या हवेवर घ्यावा. हे पाहायला मला एका ज्येष्ठ फिटरांनी शिकवले. ते ट्यूबसमोर खुर्ची टाकून बसत आणि कोणी घाई केली की म्हणत, "साहेब, आधी त्याला बोलू द्या, मग उघडू."

मीटरिंग पंपांसाठीच्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ए.पी.आय. ६७५ या मानकात स्थिर अवस्थेतील अचूकता ±१ टक्का, तर रेषीयता (स्ट्रोक बदलला की त्याच प्रमाणात मात्रा बदलणे) आणि पुनरावर्तनीयता (तेच माप पुन्हा मिळणे) ±३ टक्के अपेक्षित आहे. रोजच्या कामात मी माझ्यापुरत्या दोन रेषा आखून घेतल्या आहेत. नेहमीच्या आकड्यापेक्षा ५ टक्के फरक पडला तर नोंद करून पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचे आणि १० टक्के पडला तर व्हॉल्व्ह उघडायचे. आकडे चांगले असताना केवळ तारीख आली म्हणून हेड उघडण्याच्या मी विरोधात आहे. प्रत्येक वेळी उघडताना आपण जुन्या, बसलेल्या जोडांना हलवतो आणि एखादा तुकडा आत सोडण्याची संधी निर्माण करतो. टेफ्लॉन टेपची माझी गोष्ट त्याच जातीची आहे.

उघडण्यापूर्वीची तयारी मात्र तारखेशी किंवा आकड्याशी संबंधित नाही. ती प्रत्येक वेळी पूर्णच करावी लागते. मोटरचा वीजपुरवठा तोडून कुलूप आणि फलक लावणे, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करणे, डिस्चार्ज लाइनमधला दाब ड्रेनमधून सोडणे, चेहऱ्यावर शील्ड आणि हातात त्या रसायनाला टिकणारे मोजे घालणे, हा क्रम ठरलेला आहे. पंप बंद आहे म्हणजे दाब गेला, असे समजू नये. वरचा चेक व्हॉल्व्ह आणि पुढचा बंद व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दाब तासन् तास अडकून राहतो. हायपोच्या बाबतीत तर दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये कोंडलेला द्रव स्वतःच विघटन होऊन वायू सोडतो आणि दाब वाढवत नेतो.

हेड धुण्यासाठी बहुतेक ठिकाणी पाणी चालते, पण संहत सल्फ्युरिक ॲसिडच्या पंपात पाणी ही धोक्याची गोष्ट आहे. आत राहिलेल्या पाण्यावर ॲसिड आले की प्रचंड उष्णता निर्माण होते. म्हणून अशा पंपाचे हेड आधी पूर्ण रिकामे करून निथळू द्यावे आणि परत जोडताना ते संपूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी. नवा पंपसुद्धा कारखान्यात पाण्यावर तपासलेला असू शकतो, हे विसरता कामा नये. तसेच हायपोचा पंप धुतलेली बादली ॲसिडच्या पंपाकडे कधीही नेऊ नये, कारण या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू तयार होतो. आमच्याकडे दोन्ही बादल्यांचे रंग वेगळे आहेत आणि तरीही मी त्या दोन भिंतींना टांगून ठेवतो.

चेक व्हॉल्व्ह हा या पंपाचा सर्वांत हळवा भाग आहे. बहुतेक रचनांमध्ये बॉल स्वतःच्या वजनाने सीटवर बसतो, म्हणून हेड ओळंब्यात उभे असणे आवश्यक असते. पाया एका बाजूला कलला तर बॉल सीटवर मध्यभागी बसत नाही. बाहेर काढलेला बॉल उजेडात बोटांमध्ये फिरवून पाहावा. सिरॅमिकचा बॉल सहसा चांगला टिकतो, स्टीलच्या बॉलवर खड्डे दिसू शकतात आणि टेफ्लॉनच्या बॉलवर कठीण कणांनी पाडलेले ओरखडे दिसतात. सीटची कडा नखाने चाचपावी. नखाला खाच लागली की ती सीट संपली. बॉल बदलून सीट जुनीच ठेवणे ही खोटी काटकसर आहे, कारण दोघांनी मिळून एकमेकांचा आकार घेतलेला असतो. सीटवर पांढरा थर असेल तर तो पात्याने खरवडू नये. हायपोच्या लाइनमध्ये कठीण पाणी मिसळल्यामुळे झालेला तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर असू शकतो आणि तो सौम्य आम्लात विरघळतो. मात्र तो भाग आधी भरपूर पाण्याने धुऊन त्यातला हायपो पूर्णपणे गेलेला असला पाहिजे.

व्हॉल्व्ह परत बसवताना बाण वरच्या दिशेने आहे ना, हे दोनदा पाहावे. उलटा बसलेला व्हॉल्व्ह पंपाला एक तर काहीच देऊ देत नाही किंवा डायफ्रॅमवर नको तो दाब आणतो. ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी) दर वेळी नवी घ्यावी, आणि येथे एक सापळा आहे. व्हायटॉन आणि ईपीडीएम या दोन वेगळ्या कृत्रिम रबरांच्या ओ-रिंगा दोन्ही काळ्या असू शकतात आणि मापानेही सारख्या असू शकतात. तीव्र कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) व्हायटॉन टिकत नाही आणि संहत सल्फ्युरिकमध्ये ईपीडीएम टिकत नाही. स्टोअरमध्ये एकाच डब्यात टाकलेल्या या दोघींना नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून पाकीट फोडून रिंगा सुट्या ठेवण्याची सवय मोडून काढावी लागते.

डायफ्रॅमचा विचार मी तासांत न करता स्ट्रोकमध्ये करतो. मिनिटाला १०० स्ट्रोक म्हणजे दिवसाला १,४४,००० आणि ८,००० तासांत ४ कोटी ८० लाख. टेफ्लॉनचा पृष्ठभाग आणि मागे रबराचा आधार असलेली ही चकती तितक्या वेळा वाकून सरळ होते. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीला, बहुधा वर्षातून एकदा, ती बदलणे शहाणपणाचे असते. वर मी तारखेवर उघडण्याला विरोध केला, त्याला हा अपवाद. चेक व्हॉल्व्ह खराब होताना आकड्यांतून सूचना देतो, तर डायफ्रॅम बऱ्याचदा फाटेपर्यंत माप बरोबर देत राहतो. काढलेला डायफ्रॅम लगेच फेकू नये. कडेने, जिथे तो आवळलेला असतो त्या वर्तुळावर, पांढरट रेषा किंवा बारीक भेगा असतील तर ते वयाचे लक्षण आहे. मधला भाग फुगलेला असेल तर रसायन टेफ्लॉनमधून झिरपून मागच्या थरात पोहोचले असावे. आणि मुदतीच्या खूप आधी फाटला असेल तर दोष डायफ्रॅमला न देता डिस्चार्जमधला अडथळा, न उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) किंवा तुंबलेला सक्शन स्ट्रेनर (गाळणी) शोधावा, नाही तर नवाही तितकेच दिवस टिकेल.

यांत्रिक पद्धतीने चालणाऱ्या बऱ्याच पंपांत हेडच्या मागे, डायफ्रॅमच्या पाठीशी, तळाला एक लहान छिद्र असते. डायफ्रॅम फाटला की रसायन गिअरबॉक्समध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर यावे, एवढेच त्याचे काम. त्याखाली एक थेंब दिसला तरी पंप थांबवावा. एका ठिकाणी मी हे छिद्र एम-सीलने व्यवस्थित बुजवलेले पाहिले आहे. फरशीवर रसायन सांडते म्हणून कोणीतरी आपल्या परीने स्वच्छता राखली होती. गिअरबॉक्सचे झाकण उघडले तेव्हा आतले तेल करडे आणि दाट झाले होते, बेअरिंगवर तपकिरी थर चढला होता आणि दांड्याचा चकाकणारा पृष्ठभाग चिमटीने सोलता येईल इतका पोखरला होता. डायफ्रॅम बदलून जे काम तासाभरात झाले असते, त्यासाठी तो पंप अडीच महिने उभा राहिला. तेव्हापासून मी साप्ताहिक फेरीत या छिद्रात एक पातळ तार घालून ते मोकळे असल्याची खात्री करतो.

हायड्रॉलिक डायफ्रॅमच्या पंपात डायफ्रॅमला दांडा ढकलत नाही, तेल ढकलते, त्यामुळे तेथे तेलातील हवा हा मुख्य शत्रू असतो. तेलात हवेचे बुडबुडे असतील तर प्लंजरची (तेल ढकलणाऱ्या दांड्याची) हालचाल ते दाबण्यात वाया जाते. एअर ब्लीडमधून हवा नीट निघते का, तेल दुधाळ झाले आहे का आणि अंतर्गत रिलीफ व्हॉल्व्ह विनाकारण उघडत नाही ना, हे पाहावे. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी शिरले. ते बदलून भागत नाही, पाणी कोठून आले ते शोधावे लागते.

जोडणी करताना हेडचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. टेफ्लॉनला दाबाखाली सावकाश पसरण्याची खोड असते, म्हणून आज बरोबर आवळलेला बोल्ट उद्या सैल लागतो. २४ तासांनी पंप थांबवून, दाब सोडून, टॉर्क पुन्हा तपासणे हे काम कागदावर सगळीकडे असते आणि प्रत्यक्षात बहुधा राहून जाते, कारण तोवर पाळी बदललेली असते. मी त्यासाठी बोल्टवर रंगीत पेनाने आडवी रेघ मारतो आणि पुढच्या पाळीच्या फिटरला नावानिशी काम सोपवतो. प्लॅस्टिकच्या हेडवर "अजून थोडे" आवळण्याचा मोह टाळावा. पीव्हीसीला तडा जाताना आवाज येत नाही.

पंपाच्या आजूबाजूच्या वस्तूंकडेही लक्ष द्यावे लागते, पण त्यांच्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. सक्शन स्ट्रेनर महिन्यातून एकदा धुवावा. पल्सेशन डॅम्पनरचा (प्रवाहाचे धक्के शोषणाऱ्या वायूभरल्या भांड्याचा) वायुदाब लाइनमधला दाब पूर्ण सोडल्यावरच तपासावा, नाही तर वायूऐवजी लाइनचा दाब वाचला जातो. एकेरी (एकच हेड असलेल्या) पंपाचा प्रवाह धडधडत येतो आणि त्याचा क्षणिक उच्चांक सरासरीच्या सुमारे ३.१४ पट असतो. डॅम्पनर निकामी झाला की हा सगळा मार पाइपच्या जोडांना बसतो. बॅक प्रेशर व्हॉल्व्ह (पंपापुढे ठराविक दाब राखणारी झडप) अडकून उघडा राहिला असेल तर पंप बंद असतानाही टाकीतले रसायन पुढे वाहत राहू शकते. ५० टक्के कॉस्टिक सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, तेव्हा थंडीत पंपाला दोष देण्याआधी लाइनला हात लावून पाहावा, अर्थात मोजे घालून.

हायपोच्या पंपांना हवा धरण्याची वेगळीच तक्रार असते. विघटनातून निघालेले बुडबुडे हेडमध्ये साचतात आणि पंप द्रवाऐवजी वायू दाबत बसतो. येथे स्ट्रोकची लांबी कमी ठेवून वेग जास्त ठेवणे ही नेहमीची चूक आहे. तीच मात्रा लांब स्ट्रोक आणि कमी वेग ठेवून द्यावी, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला बुडबुडा बाहेर फेकला जाण्याची शक्यता वाढते. तसेही स्ट्रोक २० टक्क्यांच्या खाली नेला की बहुतेक पंपांची अचूकता घसरते. मोटरवर चालणाऱ्या बऱ्याच पंपांची स्ट्रोकची मूठ पंप चालू असतानाच फिरवायची असते, त्याबाबत मात्र त्या-त्या पंपाची पुस्तिका काय सांगते ते पाहावे.

सर्व जोडून झाल्यावर आधी डिस्चार्जचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना हे पाहावे, मग सक्शनचा उघडावा, वरच्या बाजूने हवा निघू द्यावी आणि पंप शून्य स्ट्रोकवर सुरू करून हळूहळू नेहमीच्या जागी आणावा. दहा-पंधरा मिनिटांनी टकटक स्थिर झाली की पुन्हा ट्यूब भरून मोजमाप घ्यावे. आमच्या नोंदवहीत त्यासाठी शेजारीशेजारी दोन रकाने आहेत, "उघडण्यापूर्वी" आणि "जोडल्यानंतर". गेल्या महिन्याच्या पानावर पहिल्यात १३२ आणि दुसऱ्यात १४९ मिलिलिटर लिहिलेले आहे. खाली शेऱ्यात सक्शनची सीट बदलल्याची नोंद आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, वेगळ्या अक्षरात, "टॉर्क पाहिला, दोन बोल्ट सैल होते" एवढी एक ओळ.